काटेसाहेबांची पकड

म्हातारपण कशाला म्हणावं याबद्दल काटेसाहेबांची मतं फार ठाम होती. केस पिकणं म्हणजे म्हातारपण नव्हे, दात पडणं म्हणजे नव्हे, आणि एकच हकिगत एका जेवणात तीनदा सांगणं म्हणजे तर नव्हेच नव्हे. म्हातारपण ही शेजारपाजाऱ्यांना होणारी गोष्ट होती. साहेबांना स्वतःला एकाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती, पण तो निव्वळ जन्मतारखेचा आगाऊपणा होता. त्यात त्यांचा काही हात नव्हता.

त्यांचं खरं आडनाव वेगळं होतं. ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. छत्तीस वर्षं ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की तापलेल्या लेकराकडे आई जशी बघते तसे दुकानदार आपापल्या तराजूकडे बघायला लागत. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, मापाच्या बुडाला खालून मारलेला पोचा, गिऱ्हाइकाची नजर चुकवून पारड्याच्या कडेला टेकलेला अंगठा, सगळं त्यांना दहा पावलांवरून दिसे. काटा मारणाऱ्यांच्या मागे हात धुऊन लागलेला माणूस म्हणून बाजाराने त्यांना काटेसाहेब म्हणायला सुरुवात केली. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात पायात रुतणारा काटा होता. साहेबांना मात्र ती पदवी वाटली आणि त्यांनी घराच्या दारावर तशी पाटीच लावून घेतली.

त्यांची बायको छापखान्यात बाइंडर होती. हातभर जाडीच्या नोंदवह्या शिवायच्या, मेणाचा दोरा खेचून गाठ मारायची, दाबयंत्राचं लोखंडी चाक फिरवायचं, हे तिने चाळीस वर्षं केलं. सगळे तिला बाइंडरबाई म्हणत. दोघंही निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या घरात बऱ्यापैकी सुखाने राहत होते, म्हणजे साहेब बोलत होते आणि बाइंडरबाई कामं उरकत होत्या.

वर्षातून एकदा पेन्शन कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत असं सही करून सांगावं लागे. नुसतं समोर जाऊन उभं राहिल्याने भागत नसे. त्या वर्षी दोघं तिथे गेले, तर व्हरांड्यात एक टेबल मांडलेलं आणि टेबलामागे एका इस्पितळातली तरुण फिजिओ. येणाऱ्याजाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात ती एक यंत्र देत होती आणि आकडा लिहून घेत होती. तपासणी फुकट होती, त्यामुळे रांग चांगलीच लांब होती.

"आजोबा, हे हातात धरा आणि जमेल तेवढं घट्ट दाबा."

'आजोबा' साहेबांनी ऐकलंच नाही. त्यांनी यंत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "याची पडताळणी शेवटची कधी झाली?"

"मागच्या महिन्यात. खाली चिठ्ठी चिकटवलीय."

चिठ्ठी होती, तारखेसकट. साहेबांचा जरा हिरमोडच झाला. मग त्यांनी ओठ आवळले, भुवया आवळल्या, पायाची बोटंसुद्धा आवळली आणि यंत्र दाबलं.

"चोवीस," फिजिओ म्हणाली.

"कितीपैकी?"

"कितीपैकी नाही, किलो. पुरुषांची पकड सत्ताविसाच्या खाली आली की आम्ही जरा लक्ष द्या म्हणतो."

साहेबांनी आणखी दोनदा दाबलं. यंत्र तेवीस म्हणालं, मग पुन्हा चोवीस. मागे उभ्या असलेल्या बाइंडरबाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, शेजारच्या बाईशी चाललेलं बोलणं न थांबवता यंत्र दाबलं आणि परत दिलं. सव्वीस.

"वा, आजी!" फिजिओ म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. फिजिओने मग नीट समजावून सांगितलं. घाबरायचं कारण नाही, पकड ही नुसती खूण असते, एकूण अंगात ताकद किती उरली आहे ते तिच्यावरून कळतं. रोज चाला, जिने चढा, हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा करा, ओझं उचला, जेवणात डाळी, दूध, अंडी असू द्या. चांगली पाच मिनिटं ती बोलत होती. साहेबांनी त्यातला 'पकड' एवढा एकच शब्द घरी आणला.

घरी आल्यावर त्यांनी फोन उघडला. फोनमध्ये माणसाला हवं ते सगळं सापडतं, त्याहीपेक्षा नको ते लवकर सापडतं. ज्यांची पकड ढिली ते लवकर पडतात, लवकर विसरतात, लवकर जातात, असं चार-पाच ठिकाणी लिहिलं होतं. संध्याकाळपर्यंत साहेबांनी आपली उरलेली वर्षं मोजून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खेळाच्या सामानाचं दुकान उघडायच्या आत त्याच्या दारात जाऊन उभे राहिले. येताना एक रबरी चेंडू आणला, एक स्प्रिंगचा चिमटा आणला आणि आठवड्याभरात फिजिओकडे होतं तसं यंत्रही मागवून घेतलं. फ्रिजच्या दारावर एक तक्ता लागला. उभ्या रेघेवर किलो, आडव्या रेघेवर तारखा.

आणि मग साहेब आरामखुर्चीत बसले. पुढचे पाच महिने, जेवण-झोप सोडली, तर ते बहुतेक तिथेच होते.

त्याआधी ते रोज सकाळी चालत वाचनालयात जात, उभ्याउभ्या तीन वर्तमानपत्रं वाचून चालत परत येत. ते बंद झालं, कारण चालण्याने काटा हलत नव्हता. बाजारातून येताना ते दोन पिशव्या घेत. तेही बंद झालं, कारण पिशव्यांनी बोटं शिणत आणि संध्याकाळचं मोजमाप बिघडे. बाइंडरबाई एकट्या बाजारात जात, चार पिशव्या घेऊन तीन मजले चढत आणि कोपराने घंटी वाजवत. आतून आवाज येई, "सेट चालू आहे! किल्ली आहे ना तुझ्याकडे?"

किल्ली पर्सच्या तळाशी असे. पिशव्या खाली ठेवून, पर्स उपसून, दार उघडून त्या आत येत, तेव्हा साहेब चेंडू दाबत मोजत असत, "अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास..."

एकदा त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, ही मधाची बरणी उघडता का?"

"आज नाही. आज दोन्ही हातांची विश्रांती आहे."

बाइंडरबाईंनी बरणी उघडली. नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढली, आता स्वतःचा हात तोलतोय, तर तोलू दे बिचारा, असं त्यांना वाटलं असावं. किंवा दुसरंच काही वाटलं असेल. चाळीस वर्षं छापखान्याच्या खडखडाटात काढलेल्या बाईला गप्प बसायला काही कष्ट पडत नाहीत.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त कुलूपवाले राहत. शहरातल्या निम्म्या किल्ल्या त्यांच्या हातच्या, म्हणून सगळे त्यांना किल्लेदार म्हणत. वय चौऱ्याहत्तर. साहेबांनी त्यांना चहाला बोलावलं आणि कपाआधी यंत्र हातात दिलं. किल्लेदारांनी दाबलं. एकोणचाळीस.

"यंत्र बिघडलेलं दिसतंय," साहेब म्हणाले.

"बिघडलं असेल," किल्लेदार उदारपणे म्हणाले. मग चेंडू, चिमटा आणि फ्रिजवरचा तक्ता बघून त्यांनी विचारलं, "पण साहेब, एवढी मूठ घट्ट झाली की पुढे काय धरायचं ठरवलंय?"

"म्हणजे?"

"नाही, आपलं विचारलं."

साहेबांना तो प्रश्न अडाणीपणाचा वाटला. खरं दुखणं निराळंच होतं. तक्त्यावरची रेघ पंचवीसवर येऊन बसली होती आणि तीन आठवडे जागची हलत नव्हती. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की कोपर बरगडीला घट्ट चिकटवलं की सत्तावीस येतात. उभं राहून, हात खाली सोडून, झटका देत दाबलं तर एकोणतीस. आणि यंत्राचा खालचा दांडा मांडीवर टेकवला, तर थेट एकतीस! यंत्रासोबत आलेल्या कागदावर हे सगळं करू नये असं स्पष्ट लिहिलं होतं. तो कागद साहेबांनी पहिल्याच दिवशी, सवयीने, दोनदा वाचला होता. पण दुकानदार करतो ती लबाडी, आणि आपण करतो ते तंत्र. रेघ सुसाट वर निघाली. साहेब दिवसातून चारदा फ्रिजपाशी जायला लागले, आतलं काही काढायला नव्हे.

कीर्तीला पाय फुटतात. ज्येष्ठांच्या मंडळाने 'ताकदीचं म्हातारपण' या विषयावर व्याख्यान ठेवलं होतं, बोलायला तीच फिजिओ येणार होती. मंडळाचे चिटणीस साहेबांकडे आले. "पाच महिन्यांत चोवीसाचे एकतीस! साहेब, तुम्ही स्टेजवर येऊन दाखवलंच पाहिजे."

"अहो, मी कसला," साहेब म्हणाले आणि कोणता कोट घालायचा याचा विचार करायला लागले.

सभागृह भरलं होतं. स्टेजवर पाहुण्यांसाठी एक सोफा ठेवला होता. मंडळातल्या नाटकवेड्या सभासदांनी तो कुठल्याशा नाटकातल्या जमीनदाराच्या दिवाणखान्यासाठी बनवला होता. दिसायला मोठा रुबाबदार, हातांवर नक्षी, बसायला मात्र इतका खोल आणि बुटका की त्यात शिरलेला माणूस समोरून फक्त गुडघे आणि त्यांच्यावर तोंड एवढाच दिसे. साहेब त्यात बसले, म्हणजे बुडाले. वीस मिनिटं फिजिओ बोलली. मग चिटणीसांनी माइक घेतला. "आणि आता, ज्यांनी वयालाच मुठीत धरलंय, असे आपले काटेसाहेब!"

टाळ्या पडल्या. साहेब हसले आणि पुढे झुकले. काही झालं नाही. ते पुन्हा झुकले, या वेळी जरा हिसका देऊन. अंग अर्धी वीत वर आलं आणि सोफ्याने ते परत घेतलं. टाळ्या विरळ झाल्या. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी सोफ्याचा उजवा हात धरला, पाच महिन्यांची सगळी मेहनत बोटांत आणली आणि खेचलं.

सोफ्याचा हात निघाला. नाटकातलाच तो, चार खिळ्यांवर उभा. साहेब त्याच्यासकट बाजूला कलंडले आणि स्टेजच्या फळ्यांवर धप्पकन पडले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. पकड सुटली नाही.

मागच्या रांगेत एकाला वाटलं की हेच ते प्रात्यक्षिक, त्याने जोरात टाळ्या वाजवल्या. साहेब उठायला गेले. गुडघा दुमडेना, मांडी उचलेना, पाय आपले नसल्यासारखे पडून राहिले. खाली पडल्याचं दुखत होतंच, पण उठता येत नाही हे कळलं तेव्हा त्यांनी नजरेने बायकोला शोधलं. एका बगलेत किल्लेदारांनी हात घातला, दुसऱ्या बगलेत बाइंडरबाईंनी. दोघांनी "हं" म्हटलं आणि साहेब उभे झाले.

"तो सोफ्याचा हात सोडा आता," बाइंडरबाई हळूच म्हणाल्या.

शेजारच्या खोलीत फिजिओने त्यांना तपासलं. हाड शाबूत होतं, कमरेला मुका मार. मग तिने एक साधी लाकडी खुर्ची ओढली. "आजोबा, जमत असेल तरच हं. हात छातीशी धरायचे आणि उठायचं, बसायचं. अर्ध्या मिनिटात किती होतं बघू."

चार झाले. पाचव्याला साहेब निम्म्यावरून परत बसले.

"दुखतंय म्हणून असेल," ती म्हणाली. "पण तुमच्या वयाला बारा तरी व्हायला हवेत. पाच महिन्यांत काय काय केलंत?"

साहेबांनी चेंडू, चिमटा, सेट, तक्ता सगळं सांगितलं.

"आणि काय काय सोडलंत?"

साहेब भिंतीकडे बघायला लागले. उत्तर बाइंडरबाईंनी दिलं. "चालणं, बाजार, जिना, पिशव्या, कचरा खाली नेणं, अंथरूण घालणं, बरणी."

फिजिओने यंत्र काढलं. "कोपर अंगाला लावायचं नाही. हात कशावर टेकवायचा नाही. दाबा." पंचवीस. तिने कागदावर लिहिलं आणि एकतीसचं नावही काढलं नाही. पोरीला रीत होती. न राहवून साहेबच म्हणाले, "अंगठा."

"काय झालं अंगठ्याला?"

"काही नाही. छत्तीस वर्षं लोकांचे अंगठे पारड्यावरून उचलले मी." त्यांनी अंगठा मुठीत दुमडला. "घरी मी काटा मारत होतो. माझ्याच तराजूत. मलाच."

घरी आल्यावर कमरेला शेकाची पिशवी लावून ते पलंगावर पडले. बाइंडरबाई पायथ्याशी बसल्या. चादर नीट करत म्हणाल्या, "एवढं कशासाठी चाललं होतं हो? मी दोन किलोंनी पुढे गेले म्हणून?"

"ते थोडंसं," साहेब म्हणाले. "दादाचा पेला आठवतो तुला?"

आठवत होता. साहेबांचे थोरले भाऊ शेवटचं वर्षभर अंथरुणावर होते. हातातून पेला निसटायचा म्हणून साहेब रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या ओठांशी पेला धरत. दादा दोन घोट घेत आणि तोंड भिंतीकडे वळवत. ऐन तारुण्यात पहिलवानी केलेला माणूस. वर्षभरात त्यांनी धाकट्या भावाच्या नजरेला नजर म्हणून दिली नाही.

"चोवीस म्हणाली ना ती पोरगी, तेव्हा मला तो पेला दिसला," साहेब म्हणाले. "तू धरशील मला माहीत आहे. पण मला ते नकोय."

बाइंडरबाईंनी शेकाची पिशवी उलटी केली. "धरायची वेळ आली तर धरीन. तोंड कुठे वळवायचं ते तुम्ही बघा. पण तोवर मी चार पिशव्या घेऊन वर येते, तेव्हा दार उघडायला उठणार की नाही?"

साहेबांनी दोन आठवडे रुसून पाहिलं. घरात कोणी विचारपूस करेना, तेव्हा रुसवा आपोआप सुटला. मंगळवार-शुक्रवार ते फिजिओच्या वर्गाला जायला लागले. वर्गात अकरा बायका आणि साहेब. सगळ्या खुर्चीतून उठायच्या, बसायच्या, पाण्याच्या बाटल्या घेऊन हात वर करायच्या, भिंतीला हात लावून टाचा उचलायच्या. पहिल्या दिवशी त्र्याऐंशी वर्षांच्या एका आजींनी चौदा उठाबशा काढल्या आणि साहेबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "नवीन आहात ना, जमेल हळूहळू." निरीक्षक माणसाला आयुष्यात कोणी धीर दिला नव्हता. धीर कसा घ्यायचा असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. ते नुसतेच "हो" म्हणाले.

वर्गाने थोडंफार केलं. पण खरं काम केलं ते बाइंडरबाईंच्या मोतीबिंदूने. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया महिन्याच्या अंतराने ठरली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्यात पाणी नको, धूळ नको. बाइंडरबाई काळा चष्मा लावून साहेबांच्या आरामखुर्चीत बसल्या आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घर साहेबांच्या हाती आलं.

पहिल्या दिवशी ते चार पिशव्या घेऊन निघाले आणि प्रत्येक मजल्यावर थांबले. किल्लेदारांचं दार नेमकं त्याच वेळी उघडलं. "घेऊ का एखादी?"

"नको," साहेब धापा टाकत म्हणाले. "पुढे काय धरायचं विचारलं होतंत ना, ते धरलंय."

बाजार झाला, कचरा झाला, चादरी झाल्या. फरशी पुसायचं फडकं पिळताना मनगट असं काही भरून येई की स्प्रिंगच्या चिमट्याने तोंड लपवावं. भरलेली बादली न्हाणीघरातून उचलायची, बैठकीत न्यायची, वाकायचं, पुसायचं, पिळायचं, उठायचं, पुन्हा वाकायचं. दुपारी साहेबांच्या मांड्या थरथरत. या व्यायामप्रकाराचा शोध त्यांच्या बायकोने पंचेचाळीस वर्षांपूर्वीच लावला होता. फक्त तिने फ्रिजवर तक्ता लावला नव्हता.

"हे तू रोज करायचीस?" चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं.

"नाही," काळ्या चष्म्यामागून उत्तर आलं. "छापखाना होता तेव्हा सकाळी सहाच्या आत करायचे. निवृत्त झाल्यावर सावकाश."

साहेबांनी फडकं पिळलं. पुढचे दोन तास ते काही बोलले नाहीत. बाइंडरबाईंनी घड्याळ बघून खात्री केली.

दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, महिना उलटला आणि वर्गात पुन्हा मोजमापाचा दिवस आला. खुर्चीतून अकरा वेळा. फिजिओने यंत्र पुढे केलं, साहेबांनी दाबलं, अठ्ठावीस. वर्गातल्या अकराजणींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी यंत्र परत मागितलं. "कोपर किंचित लागलं होतं. परत घ्या." सत्तावीस. "सत्तावीसच लिहा," ते म्हणाले आणि बाटल्या उचलायला रांगेत जाऊन उभे राहिले. त्र्याऐंशीच्या आजी तोवर सोळावर गेल्या होत्या. त्यांच्याशी बरोबरी करायचा विचार साहेबांनी एकदोनदा केला आणि शहाण्यासारखा सोडून दिला.

त्याच आठवड्यात बाइंडरबाईंचा नवीन चष्मा आला. दुकानातून दोघं चालत घरी आले. वाटेत बाइंडरबाई दुकानांवरच्या पाट्या वाचत होत्या, अगदी बारीक अक्षरातल्यासुद्धा, आणि छपाईतल्या चुका काढत होत्या. तीन मजले चढून साहेबांनी दार उघडलं. बाइंडरबाई आत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अहो, हे काय?"

"काय?"

"कोपऱ्यात बघा. पलंगाखाली बघा. छताला जाळी किती! शेगडीच्या मागे तर तेलाचा थर बसलाय. दोन महिने तुम्ही पुसत होतात ते नेमकं काय?"

"मधलं," साहेब म्हणाले. "मधलं स्वच्छ आहे."

बाइंडरबाईंनी खिडकी बघितली, कपांचे कान बघितले, दिव्याच्या बटणावरचे डाग बघितले. मग त्या वळल्या आणि नवऱ्याकडे बघायला लागल्या. चांगल्या टक लावून. साहेबांनी नकळत कोट सारखा केला.

"काय बघतेस एवढं?"

"केवढे म्हातारे दिसता हो."

"तूही दिसतेस."

"मला ठाऊक आहे. दुकानातल्या आरशात मी आधी मलाच बघितलं." त्या हसल्या, आणि साहेबही हसले. सोफ्यावरचं हसू नव्हतं ते.

साहेबांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या दुमडल्या. त्यांनी बादली भरून आणली. बाइंडरबाई चष्मा नाकावर नीट बसवून पुढे झाल्या आणि कुठे कुठे राहिलंय ते बोटाने दाखवायला लागल्या. पलंगाखालचं पुसायला साहेब जमिनीवर बसले, सरपटत आत गेले, बाहेर आले आणि कोणी हात न देता उठले. बाइंडरबाईंनी ते पाहिलं, आता सगळं दिसत होतं त्यांना. पण त्या एवढंच म्हणाल्या, "डाव्या पायाशी राहिलंय."

घर उरकायला पुरे तीन तास लागले.